पहाटेची कोर, दोन महिन्यांची

वाईहून मी निघाले ती पहाटे. लग्न होऊन दोनच दिवस झाले होते, पुण्याला जाऊन गाडी पकडायची म्हणून दारात जीप उभी होती. आई आत दशम्या बांधता बांधता रडत होती, काकू तिची समजूत घालता घालता स्वतःच रडत होती, आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, अंगणात मान वर करून उभे. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "पाया काय पडतेस, वर बघ." डोंगराच्या वर चंद्राची बारीक कोर होती आणि तिला खेटून शुक्राची चांदणी. "हीच तुला तिकडे दिसणार वृंदे. माणसाची बदली होते, आकाशाची नाही." अप्पा तहसील कचेरीत कारकून होते, त्यांना दुसरा कुठला शब्द सुचणार!

जीप कोपऱ्यावर वळली तरी ते वरच बघत होते. मला तेव्हा चक्क राग आला होता. लेक चाललीय चारशे कोसांवर आणि ह्यांना चांदण्यांचं पडलंय. आता माझी मुलगी कॉलेजात जायला लागल्यावर कळतं, की त्यांनी मान खाली केली असती तर तिथेच बांध फुटला असता.

तुम्ही मागे राहिलेले लोक नेहमी विचारता, ग्वाल्हेरला मराठी बोलतात का? बोलतात की! माझ्या सासरचे पूर्वज किती पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले, ते दौलतगंजात राहिले ते राहिलेच. घरात मराठीच. फक्त ती कानाला सवय होईपर्यंत जरा गंमत करते. पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, "चाय बनून गेली आहे, पिऊन घे." मी इकडेतिकडे बघत राहिले, की कोण गेली आणि काय प्यायचं. नवरा, विवेक, म्हणाला, "इतना क्या सोचते, कप उचल." मी मनात म्हटलं, आकाश तेच असेल अप्पा, पण खालचं सगळं वेगळं आहे.

मग मीही तशीच झाले. इथल्या शाळेत गणित शिकवायला लागले, तर काटकोनाचा समकोण झाला आणि अपूर्णांकाचे भिन्न झाले. आज मुलांवर ओरडते हिंदीत आणि गुणाकार मनात करते मराठीत. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. तुमचंही असंच कुठेतरी अर्धंअर्धं झालं असणार.

ह्या सगळ्यात अप्पांनी एक धागा धरून ठेवला होता. दर महिन्याला अंधाऱ्या पंधरवड्याच्या शेवटी, कोर अगदी नखाएवढी उरली की पहाटे त्यांचा फोन यायचा. ना कशी आहेस, ना जावईबापू कसे. एकच वाक्य, "उठलीस का? बाहेर ये." मी शाल गुंडाळून छतावर जायची. पूर्वेला तोंड केलं की डाव्या हाताला किल्ला, समोर पाण्याच्या टाक्या आणि वायरींचं जंजाळ, आणि त्यातून वर आलेली ती कोर. ते वाईच्या अंगणात, मी दौलतगंजच्या छतावर. "शुक्र दिसला? त्याच्या खाली बघ, बुध आहे का. नसेल दिसत तर सोड, तो लबाड आहे." दोन मिनिटांत फोन बंद. आई मागून ओरडताना ऐकू यायची, "अहो, चंद्र काय रोजचाच आहे, पोरीला झोपू द्या!" आईला आकाशाचं कधीच कौतुक नव्हतं. तिला वर बघायची सवय फक्त वाळवण घातल्यावर ढग बघण्यापुरती.

गेल्याच्या गेल्या वर्षी, चैत्र वद्य द्वादशीला, अप्पा झोपेतच गेले. माणूस पुण्यवान, म्हणाले सगळे. पुढच्या महिन्यात कोरीच्या पहाटे मला आपोआप जाग आली आणि मी फोन हातात घेऊन बसून राहिले. तो वाजणार नव्हता हे माहीत होतं. तरी बसले.

मी त्यांची एकुलती एक. आईला इकडे आणायचं हे मी ठरवलं होतं, पण आईने काय ठरवलंय हे विचारायची माझी हिंमत नव्हती. दिवाळी झाल्यावर ती आली खरी, पण पिशवी खाली ठेवायच्या आधीच अट घातली. "हिवाळा काढते तुझ्याकडे. ह्यांचं वर्षश्राद्ध वाईला, कृष्णेच्या घाटावर. पुतण्या म्हणून सुरेश करणार आहे. मग मी तिथेच. लेकीच्या घरी कायम राहणाऱ्यातली मी नाही." सुरेशदादा, हे तूही ऐकलंयस तिच्या तोंडून. सत्तरी उलटलेली बाई, गुडघे गेलेले, आणि त्या घरात एकटी. मला रात्री तेच डोळ्यांसमोर यायचं.

शिवाय ग्वाल्हेरनेही तेव्हा माझी बाजू घेतली नाही. पौष-माघात इथे असं धुकं पडतं की समोरच्या घराचा दरवाजा दिसत नाही. सूर्यच दुपारी हजेरी लावून जातो, तिथे चंद्राची काय कथा. आई खिडकीपाशी स्वेटरवर स्वेटर घालून बसायची आणि म्हणायची, "काय गं हे तुमचं गाव, ह्याला आकाशच नाही." त्यात माझी मुलगी ईशा तिला नानी म्हणायची. इथे आईच्या आईला नानीच म्हणतात, आजी म्हणजे बाबांची आई. आई पुटपुटायची, "मी कुणाची नानी झाले कुणास ठाऊक."

होळी होऊन बरेच दिवस झाले होते. एका सकाळी मी शाळेला निघायच्या गडबडीत, आणि बेल वाजली. दार आईनेच उघडलं. दारात एक पंडितजी, खांद्याला पिशवी, पिशवीतून दर्भ डोकावतोय.

"नमस्ते माताजी. सब तैयारी है?"

"कसली तयारी?"

"श्राद्ध की. चैत्र कृष्ण द्वादशी आज ही तो है."

आईचं हिंदी बेताचं, पण एवढं समजायला हिंदी लागत नाही. ती दाराची चौकट धरून म्हणाली, "अहो गुरुजी, माझा चैत्र अजून उगवायचाय. पाडवा व्हायचाय अजून! कुणाचं श्राद्ध करायला निघालात?"

मी धावत पुढे आले. विवेक खांद्यावर टॉवेल घेऊन बाहेर आला आणि त्याचा चेहरा बघूनच मला सगळं कळलं. सासूला एवढ्या उन्हात, एवढ्या लांब पाठवायला नको, श्राद्ध इथेच उरकलं की त्या थांबतील, असा बेत ह्या भल्या माणसाने परस्पर केला होता. मलाही पत्ता नाही. पंडितजींना सांगितलं, दाल बाजारातून तीळ-जव आणून ठेवले, आणि तिथी बघायचं काम दिलं ईशाला.

आता इथे तुम्हा वाईकरांना एक गोष्ट सांगायला हवी. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. त्यामुळे चांदण्या पंधरवड्यात दोघांचा महिना एकच असतो, पण पौर्णिमा उलटली की हे लोक पुढच्या महिन्यात जातात आणि आपण मागच्यातच राहतो. म्हणजे संध्याकाळी दिसणारी कोवळी कोर वाईला आणि ग्वाल्हेरला एकाच महिन्याची. पहाटेची म्हातारी कोर मात्र तिकडे चैत्रातली तर इकडे वैशाखातली. आणि इकडचा चैत्र कृष्ण म्हणजे आपला फाल्गुन वद्य, आख्खा एक महिना आधी. ही चूक पूर्ण मराठी घरात होणार नाही, पूर्ण हिंदी घरातही होणार नाही. ती व्हायला आमच्यासारखंच घर लागतं.

ईशाला रडू फुटायचं बाकी होतं. "नानी, सॉरी ना. पापा बोलले कॅलेंडर बघून घे, तो मैंने देख लिया. त्यावर चैत्र कृष्ण लिहिलं होतं, अब मुझे क्या पता की तुमचा चैत्र अलग आहे!"

सासूबाई आतून काठी टेकत आल्या. "मला विचारायचं होतं ना. मी काय फोटोत जाऊन बसली आहे?"

पंडितजींनी परिस्थिती ओळखली. चहा घेतला आणि निघताना हात जोडून म्हणाले, "कोई बात नहीं माताजी. एक महीना जल्दी आ गया, देर से आता तो दोष लगता." एरवी आई हसली असती. त्या दिवशी नाही हसली. विवेककडे बघून एवढंच म्हणाली, "मला विचारायचं तरी. माणूस माझा गेलाय." आणि मग, "रामनवमी झाली की माझं तिकीट काढा."

तिकीट निघालं. आईने लुगडी घडी घालून पिशवीत भरली आणि पिशवी पलंगाखाली सरकवून ठेवली. विवेक चार दिवस घरात पाय न वाजवता वावरत होता. मी त्याच्यावर चिडूही शकत नव्हते, कारण त्याने केलं ते मला करायचं होतं, फक्त माझ्यात धाडस नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता ही जाईल, आणि पुढच्या वेळी मी वाईला जाईन ते फोन आल्यावर धावतपळत.

धुकं कधीच गेलं होतं. उन्हाळा लागला की इथे घरं अशी तापतात की म्हातारी माणसं पहाटेच छतावर जाऊन बसतात. सासूबाई तुळशीला पाणी घालायला जायच्या, आणि घरात कुणाशी बोलायचं नाही म्हणून आईही त्यांच्या मागोमाग जिना चढायला लागली. एका पहाटे मी कपडे वाळत घालायला गेले तर दोघी विहिणी टाकीच्या आडोशाला बसलेल्या. त्यांना मी दिसत नव्हते. मी तशीच थांबले.

आई म्हणत होती, "राग जावयाचा नाही हो. चांगला आहे बिचारा. पण इथे करायचं म्हणजे ह्यांना सापडणार कसं? एकदाच आले होते ते ग्वाल्हेरला, चार दिवस. गल्लीत दोनदा चुकले होते."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या माणसांना सापडतं ना! सगळे साताऱ्याकडचेच. किती पिढ्या झाल्या, बरोबर येतात. आपला महिना लावायचा, बस. मी नवीन होती तेव्हा माझ्या सासूने सांगितलं होतं, सण मोहल्ल्यासोबत करायचे आणि पितर आपल्या महिन्याने. होळी, राखी, सगळं मी इथल्यासारखं करते. पण ईशाच्या आजोबांची तिथी मी ह्या पंडितांच्या महिन्याने कधी नाही केली. त्यांना काय हिंदी महिने समजणार आहेत?"

आईने तुळशीची गळलेली पानं वेचली. मग म्हणाली, "ह्यांनाही नसते समजले." आणि दोघी हसल्या. मी ओले कपडे पिळून पुन्हा बादलीत टाकत उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि वाळत घालायचं काही सुचत नव्हतं.

त्या संध्याकाळी आईने जाहीर केलं, "श्राद्ध इथे करू. आपल्या चैत्रात. मग मी वाईला जाईन." तुला फोन केला सुरेशदादा, तू म्हणालास, "काकू म्हणेल तसं. वृंदाच करू दे." तुझे उपकार मी इथे लिहून ठेवते. पण त्या "मग जाईन"कडे माझं लक्ष होतं. तिकीट रद्द केलं होतं, तरी पिशवी अजून पलंगाखालीच होती.

द्वादशीच्या पहाटे आम्ही तिघी छतावर गेलो. मला बघायचंच होतं. किल्ल्याच्या उजवीकडे, जिथे घरांची रांग संपते, तिथे कोर वर आली होती. तिच्या वर शुक्र, अगदी मी निघाले त्या पहाटेसारखा ठसठशीत. आणि नीट बघितल्यावर जवळच एक फिकट, न लुकलुकणारा ठिपका.

"तो कोण?" आईने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"शनी असणार."

"अगं बाई! आज कशाला तडफडला हा?"

सासूबाई म्हणाल्या, "घाबरू नका विहीणबाई, शनी तर इथलाच आहे. मुरैन्याच्या रस्त्यावर शनिचराचं देऊळ नाही का, तिथला. पाहुण्यांना रस्ता दाखवायला आला असेल."

आई कठड्याला धरून वर बघत राहिली. अप्पांसारखीच, मान अगदी मागे टाकून. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "महिन्याभरापूर्वी तो भटजी आला होता, त्या पहाटेही कोर असणारच. पण त्या दिवसांत मी वर यायचे तेव्हा शुक्र नव्हता बघ. ह्यांच्याशिवाय कोर कशी बघायची, म्हणून थांबला असेल." मला आकाशातलं गणित माहीत आहे, शुक्र तेव्हा सूर्याच्या तेजात बुडाला होता. पण मी मान हलवली. तिचं बरोबर होतं.

सकाळी तेच पंडितजी आले. आईने आधीच बजावलं, "मुलगी करणार आहे, आणि महिना आमचा म्हणायचा." ते म्हणाले, "बिटिया करेगी, बहुत अच्छा." संकल्पाला सुरुवात केली, आणि जन्माची सवय, तोंडातून "वैशाख" निघालंच. थबकले. आईकडे बघितलं. आई डोळे वटारून बसली होती. त्यांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात "चैत्रमासे" म्हटलं. ईशा तोंडावर ओढणी धरून हसली, मग विवेक हसला, आणि माझ्या हातातलं तिळाचं पाणी अप्पांच्या नावाने सोडताना मीही हसत होते आणि रडत होते. अप्पांना चाललं असतं.

दुपारी सगळं आवरल्यावर आईने तुला फोन केला. मी भांडी पुसायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होते. तिने तुला सगळं सविस्तर सांगितलं, शनीसुद्धा. शेवटी म्हणाली, "आणि हे बघ सुरेश, कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर देवघरातली माझी सहाण पाठवून दे. इथल्या सहाणेवर गंध नीट उगाळलं जात नाही. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. पावसाच्या आधी कौलं तेवढी बघून घे." बस, एवढंच. राहते म्हणाली नाही. पण बाई चार दिवसांसाठी कुणी वाईहून दगडाची सहाण मागवत नाही. मी हातातली वाटी तीन वेळा पुसली.

सहाण आली. पलंगाखालची पिशवी कधी रिकामी झाली मला कळलंही नाही. संध्याकाळी दोघी विहिणी हळूहळू फूलबागेपर्यंत जाऊन येतात आणि परत येताना कुठला महिना चालू आहे ह्यावर भांडतात. ईशा मधे पडते, "नानी, आजी, शांत! दोनों सही हो." आई आता नानीला ओ देते.

मी पूर्वी समजायची की घर मागे वाईला राहिलं आणि मी इथे राहायला आलेय. मग काही वर्षं वाटलं की घर इथे आहे, वाई म्हणजे माहेर. आता मी त्या भानगडीत पडत नाही. आमचं घर त्या अंधाऱ्या पंधरवड्यासारखं आहे, तिकडून बघितलं तर एका महिन्यातलं, इकडून बघितलं तर दुसऱ्या. चंद्र तोच असतो. मी सुखात आहे, हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हे सगळं लिहिलं.

आणि एक राहिलं. वैशाख संपत आला होता. आमचा वैशाख, इकडे ज्येष्ठ लागला होता. उकाड्यामुळे दोघी म्हाताऱ्या छतावरच खाटा टाकून झोपत होत्या. मी खाली कूलरसमोर गाढ झोपलेली. पहाटे उशाचा फोन वाजला. झोपेत नंबरही न बघता कानाला लावला.

"उठलीस का? बाहेर ये."

मी ताडकन उठून बसले. क्षणभर मला काही म्हणजे काहीच कळेना.

"अगं ऐकतेस ना? कोर आलीय. शुक्रही आलाय. माझ्याच्याने जिना उतरून तुला उठवायला होत नाही म्हणून फोन केला. लवकर वर ये, उजाडतंय."

मी चपला न घालताच जिना चढले.